श्रावणानंतरचा रिपोर्ट

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

तासगाव भागातल्या एका वाचक मुलीचं पत्र आहे. ती एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील, घरात त्यांना आप्पा म्हणतात, ५२ वर्षांचे द्राक्ष बागायतदार. गेली वीसेक वर्षं रोज संध्याकाळी एक क्वार्टर ठरलेली. मात्र श्रावण लागला की गणपती विसर्जन होईपर्यंत थेंबही घेत नाहीत. गेल्या वर्षी गणपतीनंतर गावातल्या शिबिरात रक्त तपासलं: एसजीओटी ३४, एसजीपीटी ३१ (ही दोन्ही लिव्हरची एन्झाइम), प्लेटलेट १ लाख ६५ हजार, सगळं 'नॉर्मल'. तो कागद आप्पांनी कपाटात जपून ठेवलाय. यंदा मे महिन्यात थकवा आला म्हणून पुन्हा तपासलं: एसजीओटी ९६, एसजीपीटी ४४, जीजीटी (हेही लिव्हरचं एन्झाइम) १८८, प्लेटलेट १ लाख ५८ हजार. आप्पा म्हणतात, "ही लॅब चुकीची आहे, नाहीतर फवारणीमुळं आलं असंल. मी चांगलं खाऊन-पिऊन घेतो, मला बाधत नाही."

मुलीचा प्रबंध नेमका दारू आणि लिव्हरच्या एन्झाइमवर आहे, पांढऱ्या उंदरांवरचा. पण तिच्या उंदरांचे आकडेही फारसे चढलेले नाहीत. तिचे प्रश्न तीन: कुठला रिपोर्ट खरा? उंदरांवरचे निष्कर्ष दाखवून आप्पांना घाबरवावं का? आणि आईनं जाहिरात बघून मागवलेली 'दारू सोडवणारी पावडर' आप्पांच्या भाजीत गुपचूप टाकू द्यावी का?

उत्तर

प्रिय मुली,

आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते थांबण्यासारखं नाही. ती पावडर आजच आईकडून मागून घे. ती का टाकायची नाही ते पुढे सविस्तर सांगते.

आता रिपोर्ट. तुमच्या घरात दोन पक्ष पडलेत: आप्पांच्या मते गणपतीनंतरचा खरा, तुझ्या मते मे महिन्यातला. दोन्ही खरे आहेत, आणि दोघांनाही ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय ते दोन्हींत नाही. एसजीओटी आणि एसजीपीटी लिव्हरच्या पेशींच्या आत काम करतात. पेशी दुखावली की ती रक्तात उतरतात, पण रक्तात फार टिकत नाहीत. एसजीओटीचं प्रमाण एका दिवसाच्या आतच निम्म्यावर येतं, एसजीपीटीचं साधारण दोन दिवसांत. जीजीटी जरा चिवट, त्याला निम्म्यावर यायला दोन-तीन आठवडे लागतात. श्रावणाचा महिना आणि वर गणपतीचे दिवस, एवढा काळ आप्पांनी दारू घेतली नव्हती आणि त्यानंतर लगेच रक्त दिलं. मग एसजीओटी ३४ आलं यात नवल नाही. त्या कागदावर दारू न घेतलेल्या सहा आठवड्यांचा हिशोब आहे, वीस वर्षांचा नाही.

हे आप्पांना समजावायला उंदीर लागणार नाहीत. त्यांनी बागेचं देठ परीक्षण (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासणं) नक्की केलेलं असेल. देठ छाटणीनंतर कितव्या दिवशी आणि कुठल्या पानाचा तोडला, हे माहीत नसेल तर त्या रिपोर्टवरून खताचा डोस कुणी ठरवत नाही. रक्ताच्या रिपोर्टलाही तोच नियम लावायला सांग. कधी घेतलं, आणि आधीचे दीड महिने काय चाललं होतं?

पण आता तुझ्याही एका गृहीतकाला हात घालते. तुला वाटतं की आकडा चढला म्हणजे लिव्हर गेलं आणि उतरला म्हणजे वाचलं. तसं नसतं. सिरोसिस (जुन्या जखमांच्या व्रणांनी लिव्हर घट्ट होणं) झालेल्या माणसाचेही एसजीओटी-एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतात, कारण व्रण धरलेल्या लिव्हरमध्ये दुखावायला पेशीच कमी उरलेल्या असतात. लिव्हर किती काम करतंय हे बघायला बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याची पीटी-आयएनआर तपासणी लागते. आतून किती घट्ट झालंय हे बघायला सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन.

एक सोपं गणित आहे, डॉक्टर त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळानं. ६५ वर्षांखालच्या माणसात उत्तर १.३ च्या खाली आलं तर मोठा व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं तर बरीच. आप्पांच्या मे महिन्यातल्या आकड्यांनी उत्तर पावणेपाचच्या आसपास येतं. घाबरू नकोस, रोजच्या पिण्यानं एसजीओटी फुगलेलं असताना हे उत्तरही फुगतं. माझं लक्ष गेलं ते दुसऱ्या कागदाकडे. कपाटात जपलेल्या त्या 'नॉर्मल' रिपोर्टचं गणित केलं, तेव्हाचं वय ५१ धरून, तर उत्तर १.८९ येतं. दारू बंद असताना, एकही आकडा मर्यादेबाहेर नसताना! याचा अर्थ सिरोसिस आहे असा मुळीच नाही. याचा अर्थ एवढाच की पुढची तपासणी गेल्या वर्षीच व्हायला हवी होती. अशा शिबिरांत रिपोर्टवर ठळक अक्षरांत काही छापून आलं नाही की माणूस निश्चिंत होऊन घरी जातो, याचं मला फार वाईट वाटतं. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही घरातले जुने रिपोर्ट काढून हे गणित जरूर करावं आणि उत्तर १.३ च्या वर आलं तर डॉक्टरांना दाखवावं.

आप्पांच्या फवारणीच्या मुद्द्यावर तू पत्रात चिडली आहेस. चिडू नकोस. एसजीओटी स्नायूंमध्येही असतं, भर उन्हात दिवसभर राबलेल्या माणसात ते थोडं वाढू शकतं. काही रसायनं लिव्हरला त्रास देतात. वाढलेलं वजन, साखर, हिपॅटायटिस बी आणि सी, हीसुद्धा कारणं असतात. म्हणून डॉक्टरांना फवारणीबद्दल सांगायचंच. तरीही एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आणि सोबत जीजीटी १८८, ही जोडी पाहिली की पहिला संशय दारूवरच जातो. कारण असं की रोज पिणाऱ्या माणसाला ब-६ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि त्याची झळ एसजीपीटीला जास्त लागते, म्हणून ते तेवढं चढत नाही. शिवाय एसजीओटीचा एक भाग पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियात असतो आणि दारूचा मार तिथंच बसतो.

आता तुझ्या उंदरांकडे येऊ. या विषयात तू रोज हात घालतेस, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुझे आकडे फारसे चढले नाहीत यात तुझं काही चुकलेलं नाही. उंदराला दारू आवडत नाही. पाण्यात मिसळून दिली तर तो पाणीच कमी पितो. तो ती माणसापेक्षा झपाट्यानं पचवतोही. त्याच्या रक्तात एसजीओटी मुळातच एसजीपीटीपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणजे माणसातला 'दुपटीचा' नियम त्याला लावता येत नाही. आणि त्याच्या लिव्हरमध्ये जीजीटी इतकं कमी असतं की माणसात दारूची खूण म्हणून जे एन्झाइम आपण आधी बघतो ते उंदरात तसं वाचताच येत नाही. महिनोन्‌महिने दारू दिलेल्या उंदरात लिव्हरवर चरबी चढते, एन्झाइम थोडी वाढतात, पण सिरोसिस सहसा होत नाही. हे तू आप्पांसमोर ठेवलंस तर त्यांचा निष्कर्ष ठरलेला आहे: "बघ, उंदरालाबी काय झालं नाही."

मात्र याच प्रयोगांच्या इतिहासात आप्पांच्या एका वाक्याचं नेमकं उत्तर आहे. "चांगलं खाऊन-पिऊन घेतो, मला बाधत नाही." आपल्याकडे बागेत, ढाब्यावर, आखाडाच्या जेवणावळीत हे वाक्य ऐकू येतं. एके काळी शास्त्रज्ञांचंही मत हेच होतं. इन्सुलिनच्या शोधात ज्यांचं नाव आहे ते चार्ल्स बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांवरून लिहिलं की आहारात कोलीनसारखी पोषक द्रव्यं पुरेशी असतील तर दारू लिव्हरला साखरेपेक्षा जास्त विषारी ठरत नाही. मग बरीच वर्षं असंच मानलं गेलं की लिव्हर दारूनं जात नाही, पिणाऱ्याच्या आबाळीनं जातं.

हे मत हलवलं ते न्यूयॉर्कमधल्या चार्ल्स लीबर आणि लिओनोर डिकार्ली यांनी. उंदीर दारूचं पाणी पीत नाही ना, मग त्याचं सगळं अन्नच त्यांनी पातळ केलं आणि त्यातले ३६ टक्के उष्मांक दारूतून दिले. प्रथिनं, जीवनसत्त्वं सगळी व्यवस्थित. तरी लिव्हर चरबीनं भरलं. मग १९७४ मध्ये त्यांच्या गटानं बबून माकडांवरचं काम छापलं. त्या माकडांना निम्मे उष्मांक दारूतून दिले होते, वर्षानुवर्षं, उत्तम आहारासोबत. त्यांच्यात आधी चरबी, मग सूज, आणि काहींमध्ये सिरोसिसही दिसला. त्या माकडांच्या आहारातल्या कोलीनवरून पुढेही वाद झाले, आणि कुपोषण असेल तर हानी वाढते हे आजही खरंच आहे. पण भरल्या ताटानं लिव्हर वाचतं ही समजूत टिकली नाही. मटणाचा रस्सा आणि तूप आप्पांचं रक्षण करत नाहीयेत.

आणखी एक गोष्ट, जी प्रयोगशाळेत लागली आणि थेट तुमच्या घराला लागू आहे. दारू पचवणारी एन्झाइम रिपोर्टमधल्या एन्झाइमपेक्षा वेगळी असतात. रोजचं काम अल्कोहोल डिहायड्रोजनेज करतं, ते दारूचं ॲसिटाल्डिहाइड बनवतं, आणि ते विषारी असतं. पण लीबर आणि डिकार्ली यांनी १९६८ मध्ये दाखवलं की लिव्हरमध्ये दुसराही एक रस्ता आहे. त्यातलं मुख्य एन्झाइम आज सीवायपी२ई१ म्हणून ओळखलं जातं. सतत दारू दिली की त्याचं प्रमाण वाढतं, उंदरात आणि माणसातही. "मला पूर्वीसारखी चढत नाही" यामागे मेंदूला झालेली सवय असते, तसंच हे वाढलेलं एन्झाइमही असतं. ते काम करताना पेशी पोळणारे घटक तयार करतं. आणि पॅरासिटामॉलच्या गोळीचंही ते लिव्हरला घातक अशा पदार्थात रूपांतर करतं.

फवारणीनंतर डोकं दुखतं म्हणून आप्पा गोळ्या घेतात असं तू ओझरतं लिहिलंयस. ते मला सगळ्यात आधी थांबवावंसं वाटतं. रोज पिणाऱ्यानं पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि सर्दीच्या, अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांतही ती असते हे लक्षात ठेवावं.

लिव्हरच्या टॉनिकबद्दल तू विचारलं नाहीस, पण रिपोर्ट वाईट आला की पुढचा माणूस बाटलीच घेऊन येतो. त्यावर 'प्राण्यांवर सिद्ध' असं लिहिलेलं असतं. तू प्रयोग करतेस, तुला समजेल: त्या अभ्यासांत बहुतेक वेळा औषध विषाच्या आधीपासून किंवा विषासोबत दिलेलं असतं. वीस वर्षं पिऊन झाल्यावर सुरू केलेलं नसतं. वनस्पतीजन्य आहे म्हणून निर्धोक असंही नसतं. दारू चालू ठेवून टॉनिक घेणं याला मी उपचार म्हणणार नाही.

आता ती पावडर. अशा पुड्यांत काय आहे हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. पण दारूची किळस आणणारं जे खरं औषध डॉक्टर देतात ते डायसल्फिराम. डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन यांनी १९४८ मध्ये त्याचा हा उपयोग पुढे आणला. ते ॲसिटाल्डिहाइड पुढे मोडणारं एन्झाइमच अडवतं. मग वर दारू गेली की ते विष अंगात साठतं: चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली, क्वचित जीवही जातो. हे औषध माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं द्यायचं असतं. शिवाय ते स्वतःच काही जणांच्या लिव्हरला इजा करतं, म्हणून लिव्हर दुखावलेल्या माणसात डॉक्टर सहसा ते टाळतात. आप्पांना काहीच कल्पना नसताना ते भाजीतून गेलं आणि रात्री त्यांनी क्वार्टर घेतली, तर काय होईल हे आईला नीट समजावून सांग. आईला रागावू नकोस. वीस वर्षं वाट बघून थकलेल्या बाईनं धरलेला तो आधार आहे. तिला फक्त दुसरा रस्ता दाखवायला हवा.

तो रस्ता तुमच्या घरातच आहे, आणि तुम्ही तिघंही त्याच्याकडे उलट्या बाजूनं बघताय. आप्पा श्रावणाचा दाखला देतात, "मी कधीबी सोडू शकतो." तुला त्याचा राग येतो, कारण गणपती गेले की बाटली परत येते. मला वाटतं त्या दीड महिन्याला ढोंग म्हणू नये. दरवर्षी एवढे दिवस स्वतःच्या शब्दावर राहणारा माणूस फार थोड्या घरांत असतो. आकडा कमी का आला हे सांगताना "तुम्ही खोटा रिपोर्ट धरून बसलाय" म्हणण्यापेक्षा "आप्पा, तुम्ही दीड महिना सोडली म्हणून तुमचं रक्त इतकं सुधारलं होतं" म्हण. दोन्ही वाक्यांतलं शास्त्र एकच आहे. दुसऱ्यात त्यांचा मान राहतो.

उंदरांची भीती घालण्याऐवजी त्यांचेच दोन कागद शेजारी ठेव. लिव्हरवरची नुसती चरबी दारू पूर्ण थांबल्यावर काही आठवड्यांत बरीच उतरते, सूजही कमी होऊ लागते. व्रण मात्र सावकाश, आणि सगळा भरून येईलच असं नाही. म्हणून यंदा एवढं करा: आखाड लागायची वाट न बघता, आत्ताच डॉक्टरांकडे जा. एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पीटी-आयएनआर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, प्लेटलेटसह), साखर, हिपॅटायटिस बी-सी आणि सोनोग्राफी. फायब्रोस्कॅन कधी करायचा ते डॉक्टर ठरवतील. रिपोर्टवर पेनानं लिहा, 'रोज १८० मिली चालू असताना'. आणि गणपतीनंतर पुन्हा तेच सगळं, 'बंद असताना' असं लिहून. मग तिसरा कागद दिवाळीनंतरचा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून काय करायचं हे आप्पांनी ते कागद हातात घेऊन ठरवावं. तुझ्या प्रबंधात तू तुलनेसाठी वेगळा गट ठेवतेस. इथं आप्पांची तुलना आप्पांशीच.

एक आकडा मात्र त्यांना आधीच सांग. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रोज ३० ग्रॅमच्या वर वर्षानुवर्षं गेलं की लिव्हरचा धोका स्पष्टपणे वाढतो. इतकं पिणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या लिव्हरवर चरबी येते, सिरोसिसपर्यंत साधारण दहातले एक-दोघं जातात. त्यांतले आपण असू की नाही, हे आधी कुणालाच कळत नाही.

श्रावणाबद्दल एक सावधगिरी. पहिल्या दोन-चार दिवसांत आप्पांचे हात थरथरतात का, दरदरून घाम येतो का, झोप उडते का, हे आईला विचार. तसं होत असेल तर यंदा एकदम बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, त्यांच्या देखरेखीत. अचानक सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो, आणि ब-१ जीवनसत्त्व वेळेवर मिळणं महत्त्वाचं असतं. जे घरात रोज याहून जास्त घेणारं माणूस सांभाळतायत, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

तपासणीला लांब जावं लागणार नाही. सांगलीचं शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. सोडण्यासाठी आधार हवा असेल तर साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' आहे, पुण्यात १९८६ पासूनचं 'मुक्तांगण' आहे. फोनवर बोलायचं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलि-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या बैठका असतात, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. तिथं आईला घेऊन तू जा, आप्पा तयार असोत वा नसोत. तू रात्री अकरापर्यंत प्रयोगशाळेत थांबतेस कारण घरी जावंसं वाटत नाही, असं एका ओळीत लिहून पुढे गेलीस. त्या ओळीवर तिथं कुणाशी तरी बोल.

या सगळ्या योजनेला एक अपवाद आहे. डोळे पिवळे दिसले, पोट किंवा पाय सुजले, उलटीत रक्त आलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, किंवा आप्पा बोलताना गोंधळू लागले, दिवसा झोपून रात्री जागू लागले, तर श्रावण, रिपोर्ट, गणित काही बघू नका. त्याच दिवशी गाडी काढा आणि मिरज किंवा सांगली गाठा.